पायातलं कडं: स्पायडरमॅनच्या आधीची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे शब्दांकन. बोलताना ओघात सुटलेले एकदोन मुद्दे इथे भरून घेतलेत, बाकी मजकूर तोच.

आजचा विषय आहे आरोपीच्या किंवा कैद्याच्या पायात अडकवायचं इलेक्ट्रॉनिक कडं. माणूस तुरुंगाबाहेर आहे, पण या क्षणी तो नेमका कुठे आहे हे यंत्र कुणाला तरी सांगत राहतं. आपल्यापैकी बहुतेकांनी ते हॉलिवूडच्या सिनेमात पाहिलेलं असेल. नोव्हेंबर २०२३ मध्ये जम्मू-काश्मीर पोलिसांनी ते जामिनावर सुटलेल्या एका आरोपीच्या पायात बसवलं, आणि देशात असं पहिल्यांदाच घडतंय अशा बातम्या आल्या. तेव्हापासून हा विषय माझ्या यादीत होता.

या कड्याच्या जन्माची एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, स्पायडरमॅनवाली. ती खरी आहे, पण ती मधली गोष्ट आहे. तिच्या वीस वर्षं आधीची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. म्हणून आधी तिकडेच जाऊ.

साल १९६४. अमेरिकेतलं मॅसॅच्युसेट्स राज्य, केंब्रिज गाव, हार्वर्ड विद्यापीठ. तिथे मानसशास्त्राचं काम करणारे दोन जुळे भाऊ होते, राल्फ आणि रॉबर्ट श्विट्झगेबेल. (आडनाव उच्चारताना माझी रेकॉर्डिंगमध्ये तीनदा बोबडी वळली. पुढे त्या दोघांनीच ते आडनाव बदलून सुटसुटीत 'गेबल' करून टाकलं, तेव्हा मी एकटाच नाही.) त्या काळी हार्वर्डमध्ये बी. एफ. स्किनर यांचा दबदबा होता. कबुतरांना दाणे देऊन शिकवणारे ते स्किनर. त्यांचं सूत्र थोडक्यात असं: शिक्षेने वागणं दबतं, बदलतं ते बक्षिसाने. आणि बक्षीस लगेच मिळालं पाहिजे. चांगलं वागल्यावर सहा महिन्यांनी मिळालेल्या शाबासकीचा फारसा उपयोग नाही.

राल्फ यांनी हे आधी टेपरेकॉर्डरवर करून पाहिलं होतं. रस्त्यावर उनाडणारी, पोलिसांच्या वहीत नाव गेलेली पोरं त्यांनी गाठली. त्यांना सांगितलं, आम्ही तुम्हाला नोकरी देतो. काम काय? यायचं, टेपरेकॉर्डरसमोर बसायचं आणि स्वतःबद्दल बोलायचं. त्याचे तासावर पैसे. सुरुवातीला पोरं कधीही उगवायची, तासन् तास उशिरा. मग वेळेच्या थोडं जवळ आलं की वर काहीतरी जादा. असं करत करत ती वेळेवर यायला लागली. या कामावर १९६४ साली 'स्ट्रीटकॉर्नर रिसर्च' नावाचं पुस्तकही निघालं.

अडचण एकच होती. पोरगं समोर असेपर्यंत बक्षीस देता येतं. ते रस्त्यावर गेलं की काय? ते आज कामावर वेळेत पोचलं, व्यसनमुक्तीच्या बैठकीला गेलं, हे कळणार कसं? आणि कळलंच नाही तर लगेच शाबासकी देणार कशी?

या अडचणीतून ते यंत्र जन्मलं. लष्कराने मोडीत काढलेली, क्षेपणास्त्रांचा माग काढण्याची सामग्री भावांनी मिळवली. केंब्रिजमधल्या एका जुन्या बाप्टिस्ट चर्चमध्ये ठाण मांडलं. कमरेच्या पट्ट्यावर बसेल असा, साधारण किलोभर वजनाचा संच तयार झाला: एका डबीत बॅटरी, दुसरीत ट्रान्समीटर. परिसरात ठिकठिकाणी बसवलेली केंद्रं त्याचा संदेश पकडायची आणि मुख्य ठिकाणी पडद्यावर दिसायचं की हा माणूस आता इथे आहे. यंत्र घालणारे तरुण स्वेच्छेने आलेले होते.

आता यातली एक गोष्ट नीट लक्षात घ्या. यंत्र दोन्ही बाजूंनी चालायचं. केंद्रातून पट्ट्याकडे इशारा पाठवता येत होता आणि घालणाऱ्याला तो अंगावर जाणवायचा. म्हणजे पोरगं कामावर वेळेत पोचलं की इकडून 'छान, पोचलास' असा इशारा. त्यालाही इकडे इशारा करता यायचा. यंत्राला भावांनी दिलेलं नाव बोजड आहे. मराठीत त्याचा अर्थ 'वर्तन कळवणारं आणि त्याला बळ देणारं यंत्र' असा काहीतरी होईल. बक्षिसं तरी काय? फुकट केस कापून मिळणं, पिझ्झा, गाण्याच्या कार्यक्रमाची तिकिटं. मनगटावर घालायच्या अशा दुतर्फा यंत्राला १९६९ साली पेटंटही मिळालं.

लोकांना हे पटलं का? नाही. १९६६ मध्येच हार्वर्डच्या कायदाविषयक नियतकालिकात 'डॉ. श्विट्झगेबेल यांचं यंत्र' असं शीर्षकात घालून चर्चा झाली. खासगीपणाचं काय, संमती खरी की नावापुरती, हे प्रश्न तेव्हाच विचारले गेले. भावांनाही टीका कुठून येणार हे ठाऊक होतं. रॉबर्ट यांनी १९६९ मध्ये 'सायकॉलॉजी टुडे'त लिहिलेल्या लेखाचं शीर्षकच होतं 'अ बेल्ट फ्रॉम बिग ब्रदर'. ऑरवेलचा तो बिग ब्रदर. स्वतःच्या शोधाची अशी थट्टा करणारी माणसं मला आवडतात, पण ही थट्टा पुढे महागात पडली असंच म्हणावं लागेल.

कारण १९७१ मध्ये जोसेफ मेयर नावाच्या अभियंत्याने एका नामांकित तांत्रिक नियतकालिकात वेगळाच आराखडा मांडला. हे गृहस्थ अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीत काम करायचे. त्यांची कल्पना अशी की जामिनावर आणि पॅरोलवर असलेल्या कोट्यवधी लोकांच्या अंगावर काढता न येणारा ट्रान्सपाँडर बसवायचा आणि शहरभर तो वाचणारी यंत्रं लावायची. पिझ्झा नाही, शाबासकी नाही. इशारा फक्त एका दिशेने. हा आराखडा कागदावरच राहिला, पण यंत्राची मान कुठल्या बाजूला वळणार आहे ते तेव्हाच दिसलं होतं. भावांचा प्रयोगही सत्तरच्या दशकात बाजूला पडला.

आता स्पायडरमॅन.

१९७७ साली न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्कीचे न्यायाधीश जॅक लव्ह यांनी वर्तमानपत्रात स्पायडरमॅनची चित्रपट्टी पाहिली. तिच्यात किंगपिन हा खलनायक स्पायडरमॅनच्या मनगटावर एक यंत्र अडकवतो, म्हणजे तो कुठेही गेला तरी याला कळावं. लव्ह यांना वाटलं, हे आपल्याला का नको? त्यांनी ते कात्रण टिपणासोबत राज्याच्या तुरुंग खात्याकडे पाठवलं. तिथे कुणी दाद दिली नाही. (एक गोष्ट मला राहून राहून गंमतीची वाटते. चित्रपट्टीत हे यंत्र खलनायकाचं असतं आणि ते नायकाच्या हातात अडकवलेलं असतं.)

मग फेब्रुवारी १९८० मध्ये सांता फेजवळच्या राज्य तुरुंगात दंगल झाली. तुरुंग खचाखच भरलेला, व्यवस्था ढासळलेली. दोन दिवसांत ३३ कैदी मारले गेले, कैद्यांनीच कैद्यांना मारलं, आणि जे प्रकार झाले ते मी पॉडकास्टवर सांगणार नाही. त्यानंतर किरकोळ गुन्हेगाराला तुरुंगात पाठवताना न्यायाधीशांच्या मनात काय येत असेल, विचार करा. लव्ह यांनी पुन्हा खटपट सुरू केली. हनीवेल कंपनीत संगणक विकणाऱ्या मायकेल गॉस यांना त्यांनी ही कल्पना पटवली. गॉस यांनी नोकरी सोडली, निमकॉस नावाची स्वतःची कंपनी काढली आणि सिगारेटच्या पाकिटाएवढं कडं बनवलं. लव्ह यांनी ते तीन आठवडे स्वतःच्या पायात घालून पाहिलं. कुठलाही न्यायाधीश स्वतःची शिक्षा आधी स्वतःवर करून बघत असेल तर त्याला मी मनापासून नमस्कार करतो. एप्रिल १९८३ मध्ये प्रोबेशनच्या अटी मोडलेल्या तिशीतल्या एका माणसाला त्यांनी महिनाभर हे कडं घालायला लावलं. न्यायालयाच्या हुकमाने कडं घालणारा तो पहिला माणूस मानला जातो.

हे कडं दिसायला आधुनिक, पण भावांच्या यंत्रापेक्षा पुष्कळ मठ्ठ होतं. त्याला एवढंच कळायचं: माणूस घरात आहे की नाही. कड्यातून रेडिओ संदेश निघायचा, घरच्या टेलिफोनला जोडलेला डबा तो पकडायचा. माणूस सुमारे दीडशे फुटांच्या पलीकडे गेला की डबा फोनवरून मुख्य संगणकाला चुगली करायचा. जुन्या ओतीव लोखंडी टबात कुणी आंघोळीला बसलं तर संदेश अडायचा, आणि तिकडे वाटायचं की पळाला! शिवाय घरात टेलिफोन हवाच. ज्याच्याकडे फोन नाही, किंवा घरच नाही, त्याच्यासाठी पर्याय उरला तुरुंग. यातली मेख पहिल्या दिवसापासून होती.

गॉस यांच्या कंपनीला पैसा पुरेना. ती कोलोरॅडोतल्या बोल्डरच्या बीआय या कंपनीकडे गेली. बीआयचा मूळ धंदा ऐका: दुभत्या गायींच्या गळ्यात इलेक्ट्रॉनिक बिल्ले अडकवायचे, म्हणजे कुठल्या गायीने किती आंबोण खाल्लं याचा हिशोब राहतो. गायींवरून माणसांवर आलेली ही कंपनी पुढे या क्षेत्रातली मोठी कंपनी झाली. २००४ पासून अमेरिकेतल्या स्थलांतरितांवर पाळत ठेवण्याचं सरकारी कंत्राट तिच्याकडे आहे, आणि २०११ मध्ये तिला ४१.५ कोटी डॉलरला विकत घेतलं जिओ ग्रुपने, जो खासगी तुरुंग चालवतो. थांबून विचार करा: तुरुंगाला पर्याय म्हणून निघालेलं यंत्र आणि तुरुंग, दोन्हींचा मालक एकच.

१९८८ पर्यंत अमेरिकेतल्या ३३ राज्यांत कडं पोचलं होतं, पण घालणारे जेमतेम २,३०० होते. खरा फरक पडला जीपीएसने. मे २००० मध्ये अमेरिकी सरकारने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि काही मीटरपर्यंत ठिकाण कळायला लागलं. आता 'घरात आहे की नाही' एवढ्यावर भागत नाही. दिवसभराची सगळी वाट नकाशावर उमटते. नकाशावर दोन तऱ्हेची कुंपणं आखता येतात. आपल्या भाषेत सांगायचं तर एक नजरकैदेचं, म्हणजे याच्या बाहेर जायचं नाही. दुसरं तडीपारीचं, म्हणजे याच्या आत यायचं नाही. समजा, ज्या बाईला मारहाण केली तिचं घर. आपल्याकडे १९५१ च्या पोलीस कायद्याखाली माणसाला दोन वर्षांपर्यंत हद्दपार करतात, आणि तो रात्री गुपचूप परत आला का हे बघायला हवालदार लागतो. तिथे हे काम उपग्रह करतो. बाईला संरक्षण देण्याचा हा उपयोग मला खरोखर मोलाचा वाटतो, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही म्हणाल याला यंत्रात काही चांगलं दिसतच नाही.

आणि आकड्यांतही चांगलं आहे. फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१० मध्ये मध्यम आणि जास्त जोखमीच्या पाच हजारांहून जास्त गुन्हेगारांचा अभ्यास मांडला. कडं घातलेल्यांमध्ये अटी मोडण्याचा किंवा पुन्हा गुन्हा करण्याचा धोका सुमारे ३१ टक्क्यांनी कमी निघाला. हे थोडंथोडकं नाही. पण त्याच अभ्यासात लोकांनी हेही सांगितलं की कड्यामुळे नोकरी मिळणं आणि टिकणं अवघड झालं, पोराबाळांसमोर लाज वाटायला लागली. म्हणजे भावांनी ज्यासाठी यंत्र बनवलं, पोरगं कामावर पोचावं म्हणून, नेमकं तेच काम कड्यामुळे हातचं जायला लागलं. शिवाय अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी कड्याचं रोजचं भाडं घालणाऱ्यालाच भरावं लागतं. ते थकलं की पुन्हा कोर्ट.

इंग्लंडची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तिच्यात एक भन्नाट वळण आहे. तिथे टॉम स्टेसी नावाचे पत्रकार तुरुंगातल्या कैद्यांना भेटायला जायचे. त्यांनी १९८२ मध्ये, जॅक लव्ह यांच्या प्रयोगाच्याही आधी, कड्याच्या प्रचारासाठी संस्था काढली. हेतू तोच: तुरुंगात कुजण्यापेक्षा हे बरं. १९८९ मध्ये नॉटिंगहॅम, नॉर्थ शील्ड्स आणि लंडनचं टॉवर ब्रिज इथे चाचणी झाली. सगळे मिळून पन्नासच लोक, आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणांनी अटी मोडल्या. तरी योजना वाढत गेली, आणि कंत्राटं खासगी कंपन्यांकडे गेली. २०१३ मध्ये न्यायमंत्र्यांनी संसदेत सांगितलं की जी फोर एस आणि सर्को या कंपन्या सरकारला अशा लोकांची बिलं लावत होत्या जे परत तुरुंगात गेले होते, देश सोडून गेले होते, आणि काही तर मेले होते. मेलेल्या माणसाच्या घोट्यावरच्या पाळतीचं बिल! सर्कोने ६.८५ कोटी पौंड परत केले, जी फोर एसने त्याहून जास्त, आणि पुढे दोघांनाही दंड झाला.

आता आपल्याकडे येऊ. माणूस कुठे आहे याची नोंद ठेवायची हौस आपल्याकडे उपग्रहाने आणलेली नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमातींवर जन्मानेच शिक्का मारला. नोंद झालेल्या माणसाने ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर परवाना घ्यायचा. सोलापुरात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणातली वसाहत होती. हा कायदा १९५२ मध्ये गेला, 'विमुक्त' हा शब्द तिथून आला. पण पारध्याच्या पालावर रात्री पोलीस येणं १९५२ मध्ये थांबलं असं कुणी म्हणणार नाही. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण कडं कुणाच्या पायात जाईल हा प्रश्न आपल्याकडे इतिहासाने आधीच विचारून ठेवलाय.

दुसऱ्या बाजूला आपले तुरुंग बघा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशात ५,७३,२२० कैदी होते आणि जागा होती ४,३६,२६६ जणांची. त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटलाच संपलेला नाही. शंभरातले जवळपास शहात्तर. या माणसाला 'बराकीत दोनशे जणांत झोपतोस की पायात कडं घालून घरी जातोस' असं विचारलं तर तो काय म्हणेल ते उघड आहे. मीही तेच म्हणेन. म्हणून कड्याला सरसकट नको म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही.

पण कायद्याने जामीन मिळायलाच हवा अशा माणसाला आता जामीन अधिक कडं असं मिळालं, तर तुरुंग रिकामा होत नाही, फक्त पाळतीचं जाळं रुंद होतं. अमेरिकेत टीकाकार हेच गेली चाळीस वर्षं सांगताहेत. विधी आयोगाने २०१७ च्या जामिनावरच्या २६८ व्या अहवालात कड्याचे फायदे मांडले, पण फार जपून आणि गंभीर गुन्ह्यांपुरतंच वापरा असं सुचवलं, ते त्यामुळेच. आणि एक साधी व्यवहाराची गोष्ट: जीपीएसचं कडं रोज चार्ज करावं लागतं, माणसाने भिंतीतल्या प्लगशेजारी पाय ठेवून बसायचं. आता मराठवाड्यातलं एखादं गाव घ्या. भारनियमन, त्यात मोबाइलची रेंज गुल. बॅटरी उतरली तर अट कुणी मोडली, आरोपीने की महावितरणने?

जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे या सगळ्याचा एक तुकडा आला. अमली पदार्थांच्या खटल्यातल्या एका नायजेरियन आरोपीला जामीन देताना दिल्ली उच्च न्यायालयाने अट घातली होती की गुगल मॅप्सवर पिन टाकून आपलं ठिकाण तपास अधिकाऱ्याला दिसत ठेवायचं. न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांनी ही अट रद्द केली. ओकसाहेब आपल्या मुंबई उच्च न्यायालयातून गेलेले. खंडपीठाचं म्हणणं असं की आरोपीच्या प्रत्येक हालचालीवर पोलिसांना सतत नजर ठेवता येईल अशी अट घटनेच्या २१ व्या कलमातल्या खासगीपणाच्या हक्कात बसत नाही. जामीन दिल्यावर माणसाच्या खासगी आयुष्यात डोकावत राहता येणार नाही. गंमत म्हणजे गुगलने न्यायालयाला सांगितलं की नुसत्या पिनने तसं चालतं-फिरतं ठिकाण कळतच नाही. म्हणजे अट घातली गेली तेव्हा ती काय करते हेही कुणी नीट तपासलं नव्हतं.

या निकालात गुगलची पिन होती, पायातलं कडं नव्हतं. पण सतत नजर पिनने ठेवली काय आणि कड्याने ठेवली काय, मला त्यात फरक दिसत नाही. जम्मूच्या कड्याचा हुकूम याच्या आठ महिने आधीचा आहे. आणि केंद्राच्या २०२३ च्या आदर्श कारागृह कायद्यात अशी तरतूद आहे की कैद्याने ठिकाण कळवणारं यंत्र घालायची तयारी दाखवली तर त्या अटीवर त्याला रजा देता येईल. अट मोडली तर रजा रद्द. तुरुंग हा राज्यांचा विषय असल्यामुळे हे कुठे, कसं लागू होईल ते राज्यं ठरवणार. आपल्याकडे संचित रजा आणि अभिवचन रजा असते, तिच्यावर हे बसेल. त्या तरतुदीतला 'तयारी' हा शब्द मला खटकतो. १९६६ मध्ये हार्वर्डवाल्यांनी संमतीबद्दल विचारलेला प्रश्न इथेही तसाच उभा आहे.

श्विट्झगेबेल, म्हणजे गेबल, बंधूंनी म्हातारपणीही लिहिणं सोडलं नाही. कड्याचं जे झालं ते त्यांना आवडलं नव्हतं. तंत्रज्ञान तर आता हाताशी आहे, त्यातून माणसाला शाबासकी आणि आधार का पाठवत नाही, असं ते विचारत राहिले. त्यांच्या किलोभराच्या पट्ट्यात जो उलटा इशारा होता, तो आज काही ग्रॅमच्या चिपमध्ये सहज बसेल. 'उद्या अकरा वाजता कोर्टात तारीख आहे' एवढं जरी कड्याने सांगितलं तरी पुष्कळ वॉरंटं वाचतील.

आपल्या श्रोत्यांत वकील बरेच आहेत, हे मागच्या पत्रांवरून माहीत आहे. महाराष्ट्रातल्या एखाद्या कोर्टाने जामीन देताना लोकेशन शेअर करण्याची अट घातलेली तुम्ही पाहिली असेल, तर पक्षकाराचं नाव न घेता हुकमाची भाषा काय होती ते नक्की कळवा. जमलं तर त्यावर छोटा पुरवणी भाग करू.